भिंतीवरचा लॅमिनेट केलेला सेप्सिस प्रोटोकॉल: आठ वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या इमर्जन्सीत आणि आयसीयूत भिंतीवर, क्रॅश कार्टवर, मॉनिटरच्या बाजूला ते लॅमिनेट केलेले ए-फोर कागद लटकलेले असतात ना, सेप्सिसचा (इन्फेक्शनने अवयव बिघडायला लागतात तो), स्ट्रोकचा, सेंट्रल लाईनचा (मोठ्या शिरेत घालायची नळी), अरेस्टचा (हार्ट बंद पडल्यावरचा), हा रिव्ह्यू त्यांचा आहे. आठ वर्षं रोज वापरतेय, पहिली तीन रेसिडेंट डॉक्टर म्हणून म्हणजे शीट भरणारी, आणि पुढची पाच दुसऱ्यांनी भरलेली शीट तपासणारी, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्यात. लोक हेडफोनचेसुद्धा पानभर रिव्ह्यू लिहितात, मग ज्याच्या भरवशावर रात्री तीन वाजता आम्ही माणसं सांभाळतो त्याचा एखादा असायला काय हरकत आहे.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाहीये त्यांच्यासाठी, सेप्सिसच्या शीटवर पाच चौकोन असतात. लॅक्टेट (अवयवांना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) पाठवा, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (जंतू शोधायला रक्त) काढा, अँटिबायोटिक सुरू करा, बीपी कमी असेल किंवा लॅक्टेट ४ किंवा जास्त असेल तर वजनाच्या दर किलोला ३० मिली सलाईन सोडायला लागा, आणि तरी बीपी वर येत नसेल तर प्रेसर (बीपी वर आणायचं औषध) चालू करून मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ ला आणा. प्रत्येक चौकोनासमोर वेळ आणि सही. २०१८ मध्ये हे सगळं एका तासात सुरू करा असं आलं, त्याआधी तीन आणि सहा तासांचे हिशोब होते. बस, एवढंच आहे, वाचायला अर्धं मिनिट लागतं.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे.

रात्री तीन-साडेतीनला मेंदू कसा चालतो हे ज्याने नाईट केलीय त्यालाच माहिती. चार पेशंट एकदम, एक फिट येणारा, एकाचे नातेवाईक अंगावर धावून आलेले, फोन वाजतोय, आणि त्यात एक मुलगी चालत आली, ताप, अंगदुखी, थोडी गळून गेलेली पण व्यवस्थित बोलत होती, बीपी ठीक. मी लांबूनच बघितलं आणि मनात ‘व्हायरल’ लिहून टाकलं. ट्रायाजच्या, म्हणजे दारातच पेशंट बघून क्रम लावायच्या, कागदावर होतं की ताप आणि सोबत पल्स इतका, श्वास इतका, तर लॅक्टेट पाठवा. मी म्हटलं राहू दे, ती बोलतेय की नीट. नवीन लागलेल्या एक सिस्टर होत्या, कामावर येऊन महिनासुद्धा झाला नव्हता, त्या मला म्हणाल्या, ‘मॅडम, शीटवर आहे म्हणून मी पाठवलंय, चालेल ना?’ मला रागच आला खरं तर. वीस मिनिटांनी रिपोर्ट हातात, लॅक्टेट ५.२. त्याच्या पुढच्या तासाभरात तिचं बीपी जे घसरायला लागलं ते आम्ही तिला आयसीयूत नेईपर्यंत घसरतच होतं, पण तोपर्यंत कल्चर गेलेलं होतं आणि अँटिबायोटिक शिरेत होतं. ती नंतर बरी होऊन घरी गेली, मला थँक्यू म्हणून गेली, आणि मी तोंड वर करून ते घेतलं. त्या सिस्टरना द्यायला हवं होतं, किंवा कागदाला.

तर हे पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं फीचर. लोकांना वाटतं प्रोटोकॉल म्हणजे विसरभोळ्या डॉक्टरसाठी आठवण. ते तर आहेच, पण वॉर्डमध्ये ज्याचा आवाज सगळ्यात बारीक असतो त्याच्या हातात तो कागद एक परवानगी देतो. महिन्याभराच्या सिस्टर मला ‘तुम्ही चुकताय’ असं म्हणूच शकल्या नसत्या. ‘शीटवर आहे’ म्हणू शकल्या.

सेंट्रल लाईनचा कागद या बाबतीत अजून भारी आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या लॅमिनेटेड खानदानातला तो पाच स्टारवाला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंमध्ये तो चालवला आणि २००६ मध्ये आकडे छापले. पाच साध्या गोष्टी, हात धुवा, पूर्ण गाऊन-ग्लोव्ह-मास्क-ड्रेप, क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक लावा, जमेल तिथे मांडीची व्हेन टाळा, आणि लाईनची गरज संपली की काढा. यात एक तरी गोष्ट अशी आहे का जी फायनल इयरच्या पोराला माहिती नाही? तरीही दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक) लाईनमधून होणारं इन्फेक्शन सरासरी ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आलं. माझ्या मते यातली खरी मेख पाच गोष्टींमध्ये नसून सहाव्यात होती. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने प्रोसिजर थांबवायची, हे वरून ठरवून दिलं होतं. इमर्जन्सी असेल तर गोष्ट वेगळी, पण एरवी थांबा म्हणजे थांबा. मला स्वतःला एकदा थांबवलंय, ड्रेप अर्धाच टाकला होता म्हणून, सगळ्यांसमोर, आणि कान लाल झाले होते, पण पुन्हा अर्धा ड्रेप टाकायची हिंमत झाली नाही ती आजतागायत.

व्हेंटिलेटरच्या शीटला पण चांगले मार्क. तिथे माणसाचा अंदाज हमखास चुकतो. फुफ्फुसं खराब झालेल्या पेशंटला एका श्वासात किती हवा द्यायची ते वजनावर ठरतं, पण काट्यावरच्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसं मोठी होत नाहीत. १५५ सेंटीमीटर उंचीची ८० किलोची बाई असेल तर तिचं हिशोबाचं वजन येतं साधारण ४८, म्हणजे किलोला ६ मिलीप्रमाणे २८८ मिली. काट्यावरचं वजन धरलं तर ४८०. डोळ्यांनी अंदाज करणारा माणूस दर वेळी जास्तच देतो, मी पण दिलंय. २००० साली ८६१ पेशंटांवरच्या ट्रायलमध्ये १२ ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले होते, आणि त्यासाठी लागतं काय, एक मोजपट्टी आणि एक तक्ता. इथे कोणी ‘माझा क्लिनिकल अनुभव’ वगैरे सांगायला लागला की मी सरळ टेप हातात देते.

आता कुरबुरी. इथून पुढे रिव्ह्यू लांबणार आहे, सांभाळून घ्या.

त्याच रेसिडेन्सीतली दुसरी रात्र. साठीच्या पुढचे एक काका, डायलिसिसवर, हार्ट आधीच कमकुवत, ताप आणि बीपी कमी. शीट बाहेर काढली, वजन ७०, गुणिले ३०, म्हणजे २,१०० मिली. कल्चर, अँटिबायोटिक सगळं वेळेत. पहिलं लिटर संपलं तेव्हा बेडजवळच्या सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, यांचा श्वास वाढलाय, सलाईन चालूच ठेवू का?’ त्या जुन्या होत्या, वीसेक वर्षं आयसीयूत काढलेल्या, त्या असं उगाच विचारत नाहीत हे मला कळायला हवं होतं. मी काकांकडे बघितलंच नाही, मी शीटकडे बघितलं, आणि म्हटलं, ‘अजून ११०० बाकी आहेत, जाऊ दे.’ त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढची बाटली लावली. दोन तासांत छातीत पाणी भरलं, आधी मास्कने हवा देणारं बायपॅप, मग घशात ट्यूब. वाचले ते, पण नऊ दिवस व्हेंटिलेटरवर काढून, आणि त्यातले बरेचसे माझ्यामुळे असं मला आजही वाटतं.

आणि महिन्याच्या ऑडिटमध्ये त्या केसला किती मार्क मिळाले असतील? शंभरापैकी शंभर. पाची चौकोन हिरवे. मीटिंगमध्ये आमच्या टीमचं कौतुक झालं.

यात डिझाइनची चूक काय आहे बघा. पहिल्या गोष्टीत सिस्टरना ‘करा’ म्हणायला कागदाने आवाज दिला. दुसऱ्या गोष्टीत सिस्टरना ‘थांबा’ म्हणायचं होतं आणि त्यासाठी कागदावर जागाच नव्हती. लाईनच्या शीटमध्ये नर्स डॉक्टरला थांबवू शकते, सेप्सिसच्या शीटमध्ये शीटला कोणीच थांबवू शकत नाही. ३० मिली हा आकडा छापलेला, पण १० मिलीनंतर छाती ऐका, पाय वर करून बीपी बघा, नखं दाबून रंग परत यायला किती सेकंद लागतात ते बघा, यातलं काहीच छापलेलं नाही. त्यामुळे ते केलं काय, न केलं काय, कोणाच्या हिशोबात नाही.

बरं, हा ३० चा आकडा काही दगडावर कोरलेला आहे का? सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनवाल्यांनीच २०२१ मध्ये तो ‘जोरदार शिफारस’ मधून काढून ‘असं सुचवतो’ मध्ये टाकला. अँटिबायोटिकचं पण तसंच, शॉक असेल तर एक तास, पण शॉक नाही आणि सेप्सिसची नुसती शंका आहे तर आधी भराभर तपासा, शंका टिकली तर तीन तासांच्या आत द्या, असा फरक त्यांनी केला. आमच्या भिंतीवर मात्र २०१८ चाच कागद २०२३ पर्यंत होता. लॅमिनेट केलेल्या गोष्टीचा हाच ताप आहे, चहा सांडला तरी काही होत नाही आणि विज्ञान बदललं तरी काही होत नाही.

या शीटचा खापरपणजोबा कोण ते पण सांगते, कारण ती गोष्ट मजेदार आहे. २००१ मध्ये डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलमध्ये इमॅन्युएल रिव्हर्स यांनी २६३ पेशंटांवर ट्रायल केली. पहिले सहा तास सगळं आकड्यावर, सीव्हीपी (हार्टजवळच्या मोठ्या शिरेतलं प्रेशर) ८ ते १२, मीन प्रेशर ६५, सेंट्रल व्हेनमधलं ऑक्सिजन सॅच्युरेशन ७०, नाही आलं तर रक्त चढवा, हार्टचा जोर वाढवणारं डोब्युटामिन द्या. हॉस्पिटलमधले मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५. जगभर उड्या पडल्या, आणि का नाही पडणार. मग २०१४-१५ मध्ये तीन मोठ्या ट्रायल झाल्या, अमेरिकेत एक, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे एक, इंग्लंडमध्ये एक, मिळून चार हजारांच्या वर पेशंट, आणि तिन्हींत प्रोटोकॉलवाला गट आणि नेहमीची ट्रीटमेंटवाला गट जवळजवळ सारखेच. ऑस्ट्रेलियाच्या ट्रायलमध्ये ९० दिवसांचे मृत्यू १८.६ आणि १८.८ टक्के, म्हणजे फरक कुठेय तेच शोधावं लागतं.

मग प्रोटोकॉल फुकट गेला का? आमच्या सरांचं म्हणणं उलटं आहे आणि मला ते पटतं. मधल्या तेरा वर्षांत ‘नेहमीची ट्रीटमेंट’च बदलली होती. सेप्सिस लवकर ओळखायचा, अँटिबायोटिक लवकर द्यायचं, बीपीसाठी थांबून राहायचं नाही, हे त्या कागदाने सगळ्यांच्या हाडीमाशी भिनवलं होतं आणि मग त्यातले कॅथेटर, रक्त, डोब्युटामिन काढून घेतलं तरी काही बिघडलं नाही. म्हणजे दहा पायऱ्यांच्या जिन्यातल्या तीन पायऱ्याच वजन पेलत होत्या, कोणत्या तीन ते कळायला तेरा वर्षं लागली.

पण हाच जिना उचलून दुसऱ्या घरात लावला की काय होतं, त्याचं उत्तर झांबियातून आलं आणि ते वाचून मला त्या काकांची रात्र पुन्हा आठवली. सेप्सिस आणि लो बीपी असलेले मोठे पेशंट, बरेचसे एचआयव्हीवाले, आणि व्हेंटिलेटर मिळण्याची सोय जेमतेम. २०१७ मध्ये रिझल्ट आला, प्रोटोकॉलप्रमाणे भराभर सलाईन आणि प्रेसर दिलेल्या गटात ४८.१ टक्के गेले, आणि डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने केलं त्या गटात ३३ टक्के. मुलांचं तर त्याआधीच, २०११ मध्ये कळलं होतं, युगांडा, केनिया, टांझानियातल्या तीन हजारांवर आजारी मुलांमध्ये बोलस (एकदम भराभर सलाईन) दिलेल्यांचे दोन दिवसांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास आणि न दिलेल्यांचे ७.३. चुकून छाती भरली तर पुढे व्हेंटिलेटर आहे, हे गृहीत धरून एखादा प्रोटोकॉल बसवलेला असतो आणि ते गृहीत कुठेच छापलेलं नसतं. ‘लागणारं सामान’ अशी एक ओळ पाककृतीच्या वर असते, इतकी साधी गोष्ट आमच्या शीटवर नाही.

रक्तातल्या साखरेचं थोडक्यात सांगते. २००१ मध्ये आयसीयूत साखर ८० ते ११० मध्ये घट्ट धरा म्हणून निघालं, एका सेंटरवरच्या ट्रायलवरून, सगळ्यांनी प्रोटोकॉल छापले, सिस्टर लोकांनी तासातासाला बोटं टोचली. २००९ मध्ये सहा हजारांच्या ट्रायलमध्ये घट्ट धरलेले २७.५ टक्के गेले आणि सैल धरलेले २४.९. साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ६.८ विरुद्ध ०.५ टक्के. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी शीट इमानेइतबारे पाळली त्यांची काय चूक म्हणायची.

अजून एक कुरबुर, शीटला मार्क आणि पैसे चिकटले की ती बिघडते. अमेरिकेत न्यूमोनियाला चार तासांत अँटिबायोटिक हा क्वालिटीचा निकष केला तेव्हा न्यूमोनिया नसलेल्यांनापण एक्स-रे नीट बघायच्या आधीच अँटिबायोटिक मिळायला लागलं, कारण घड्याळ दारात पाऊल टाकल्यापासून चालू. मग चाराचे सहा तास केले आणि पुढे तो निकषच काढून टाकला. आणि नुसती टिक मारायची तर माणूस कुठलीही टिक मारतो. सर्जरीच्या सेफ्टी चेकलिस्टने आठ शहरांत मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणले असं २००९ मध्ये छापून आलं, नंतर कॅनडात ओंटारिओच्या १०१ हॉस्पिटलांत ती सक्तीने लावली तर ०.७१ चे ०.६५, म्हणजे धरण्यासारखा फरक नाहीच. कागद तोच होता. मी स्वतः बघितलंय, पेशंट टेबलवर यायच्या आधीच ‘सर्वांनी आपली ओळख करून दिली’ वर टिक.

स्ट्रोकच्या शीटबद्दल तक्रार नाही, उलट तिथून शिकण्यासारखं आहे. हेलसिंकीवाल्यांनी दारापासून गाठ विरघळवायच्या इंजेक्शनपर्यंतचा वेळ १९९८ मधल्या १०५ मिनिटांवरून २०११ मध्ये २० वर आणला. त्यांनी चौकोन वाढवले नाहीत, त्यांनी जागा हलवल्या, अँब्युलन्समधूनच फोन, पेशंट सरळ सीटीवर, इंजेक्शन सीटीच्या टेबलवरच. फक्त आमच्या शीटवर साखर तपासायची ओळ खाली बारीक अक्षरात आहे ती वर घ्या रे कोणीतरी, साखर उतरलेला माणूस पण हुबेहूब स्ट्रोकसारखा दिसतो.

अरेस्टची शीट, बदलायची काही गरज नाही. छाती दाबायची मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, दोन मिनिटांनी माणूस बदला. त्या वेळी कोणाला विचार करायला सवडही नसते आणि कोणी करूही नये. कारणं शोधायचे चार एच आणि चार टी, म्हणजे त्या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी चार-चार कारणं, मात्र एकाने मोठ्याने वाचायची, मनात वाचली की पोटॅशियम दर वेळी राहतं.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. २०२३ मध्ये नवीन सेप्सिस शीट बनवायला बसलो तेव्हा मी हट्टाने तीन गोष्टी घातल्या. कोपऱ्यात तारीख, ‘या तारखेनंतर वापरू नये’, औषधाच्या बाटलीवर असते तशी. ३० मिलीचा एक चौकोन फोडून त्याचे टप्पे, दर ५०० मिलीनंतर छाती ऐकली का, नखं बघितली का, आणि मग पुढचं. आणि तिसरी, ‘थांबवलं / दिलं नाही, कारण’ अशी एक मोठी रिकामी चौकट, जी नर्सलाही भरता येते, आणि ऑडिटमध्ये त्यात कारण असेल तर हिरवा मार्क मिळतो. या तिसऱ्यावरून वरच्या मीटिंगमध्ये बरीच खडाजंगी झाली. एका सिनियरांचं म्हणणं की असं केलं तर प्रत्येक जण पळवाट काढेल, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, पहिले दोन-तीन महिने त्या चौकटीत ‘सरांनी सांगितलं’, ‘पेशंट स्टेबल’ असलं काहीतरी येत होतं, एकदा तर नुसतं ‘हो’. पेशंट स्टेबल हे कारण आहे का? मी ते लाल पेनाने परत पाठवायचे आणि रेसिडेंट माझ्या नावाने बोटं मोडायचे.

मग एका सकाळी राउंडला एक शीट हातात आली. हार्ट फेल्युअरची बाई, लघवीचं इन्फेक्शन, लॅक्टेट ४.४. चौकटीत सिस्टरचं अक्षर, ‘५०० नंतर दोन्ही बाजूंना क्रेप्स, श्वास २२ चा ३०, सलाईन थांबवली, डॉक्टरना सांगितलं, प्रेसर चालू केला.’ वेळ, सही. (क्रेप्स म्हणजे फुफ्फुसात पाणी साचल्याचा चुरचुर आवाज.) पेशंट नाकात साधी ऑक्सिजनची नळी घेऊन उशीला टेकून बसली होती. सही त्याच जुन्या सिस्टरांची होती, काकांच्या रात्रीच्या. मी त्यांना म्हटलं, बरं केलंत थांबवलंत. त्या म्हणाल्या, ‘तेव्हा पण थांबवलं असतं हो, लिहायला जागा नव्हती.’

तर रेटिंग. लाईनची शीट पाच, व्हेंटिलेटर साडेचार, अरेस्ट पाच, स्ट्रोक चार, जुनी सेप्सिस अडीच, नवीन सेप्सिस चार. नवीनचा एक स्टार कापलाय कारण तिला दोरीने पेन बांधलेलं आहे आणि ते पेन आजपर्यंत एकदाही जागेवर सापडलेलं नाही.